पीआर कार्ड संपलेलं, रिन्यूअल अडकलेलं: पुणे ते मिसिसागा व्हाया बफेलो

सगळ्यात आधी हे वाचा, कारण मला हे वेळेवर कोणीच धड सांगितलं नाही. कॅनडाचं पीआर कार्ड (पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेंट, कायमचं राहायची परवानगी असलेला) संपलं म्हणून तुमचा पीआर संपत नाही. कार्ड लागतं ते विमान, ट्रेन, बस किंवा बोटीत चढायला. स्वतःच्या, मित्राच्या नाहीतर भाड्याच्या खाजगी गाडीतून किंवा चालत तुम्ही अमेरिकेच्या बाजूने बॉर्डरवर पोचलात आणि पीआर आहात हे दाखवता आलं तर आत घ्यावंच लागतं, इमिग्रेशन कायद्याच्या कलम १९(२) मध्ये तसं लिहिलंय. एवढी एक गोष्ट माहीत असती तर पुण्यातल्या त्या कन्सल्टंटला मी एक रुपया दिला नसता.

झालं असं की रिन्यूअलचा अर्ज मी नियमाप्रमाणे, कार्डाचे ९ महिन्यांपेक्षा कमी उरल्यावर लगेच टाकला होता, फी ५० डॉलर. अर्ज रखडला. मग बाबांची बायपास ठरली आणि मी अर्जंट प्रोसेसिंगची विनंती टाकली, हॉस्पिटलचं पत्र आणि पैसे भरलेलं तिकीट जोडून, पण उत्तर यायच्या आत निघावं लागलं. बाबा आता बरे आहेत, पुण्यातले दिवस चांगले गेले, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. मी तिथे असतानाच जुनं कार्ड संपलं, आणि नवीन कार्ड कॅनडातल्या पत्त्यावरच येतं, परदेशात पाठवत नाहीत.

आता कन्सल्टंट. ओळखीतून मिळालेला, ऑफिसात भिंतीवर मेपलचं पान वगैरे. त्याने ठामपणे सांगितलं की पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटशिवाय (बाहेर असताना कार्डाऐवजी मिळणारा प्रवासाचा कागद) कॅनडात शिरायचा मार्गच नाही, आठवड्यात काढून देतो, १८,००० रुपये. ज्या कागदाची सरकारी फी ५० कॅनेडियन डॉलर आहे, जो अर्ज ऑनलाइन पोर्टलवर आपला आपण भरता येतो (फॉर्म आयएमएम ५५२४, आठवड्याच्या सुट्टीत बसून भरण्याइतका सोपा), त्याचे १८,०००! आणि आठवडा उलटून गेला तरी काही हललं नाही, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे मॅडम". नंतर कळलं की कॅनडाच्या इमिग्रेशनबाबत पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे लायसन्स लागतं, एकतर कॅनडातला वकील नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा मेंबर. त्यांची यादी ऑनलाइन कोणालाही बघता येते, ह्या माणसाचं नाव त्यात नाही. पैसे द्यायच्या आधी ती यादी बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

माझं मत स्पष्ट आहे: तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा नसेल तर ट्रॅव्हल डॉक्युमेंट हाच रस्ता, स्वतः अर्ज करा आणि वेळ हातात ठेवा. बी१/बी२ (अमेरिकेचा व्हिजिटर) व्हिसा असेल तर ट्रॅव्हल डॉक्युमेंटची वाट बघत बसू नका. आणि एक लक्षात ठेवा, त्या अर्जासाठी कधीतरी पासपोर्ट जमा करायला सांगतात, एकदा दिलात की तो परत येईपर्यंत तुम्ही जागचे हलू शकत नाही. माझा पासपोर्ट अजून माझ्याकडेच होता म्हणून मी निघू शकले, आणि ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज मागे घेत असल्याचं कॅनडाच्या इमिग्रेशनच्या वेबफॉर्मवर कळवून टाकलं.

तिकीट कसं काढायचं: टोरंटोपर्यंत अजिबात नको. टोरंटोचं तिकीट असेल तर चेक-इनला एअरलाइनची सिस्टीम कॅनडाला विचारते की ह्या माणसाला चढवू का, आणि कार्ड चालू नसेल तर उत्तर नाही असंच येतं, मग काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नसतो, तिच्या हातात काहीच नसतं. मी मुंबई ते नेवार्क (न्यूयॉर्कजवळचं) थेट आणि पुढे बफेलो (नायगाराजवळ, कॅनडाच्या बॉर्डरवरचं अमेरिकन शहर) असं काढलं. मुंबईत फक्त अमेरिकेचा व्हिसा बघितला. परतीचं तिकीट नाही म्हणून सुपरवायझर आला, त्याला कॅनडाचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि नोकरीचं पत्र दाखवलं, मग सोडलं. युरोपातून येणार असाल तर चालू अमेरिकन व्हिसावर फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी भारतीयांना एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण संपलेल्या पीआर कार्डावर ती सवलत मिळेल अशा भरवशावर राहू नका.

नेवार्कला इमिग्रेशन ऑफिसरला खरं काय ते सांगा. मी सांगितलं की कॅनडात राहते, कार्ड रिन्यूअलला आहे, बफेलोहून बॉर्डर ओलांडून घरी जाणार आहे. त्याने संपलेलं कार्ड मागितलं, बघितलं, शिक्का. बॅगा मात्र नेवार्कलाच उचलून कस्टममधून काढून परत द्याव्या लागतात, म्हणजे खाऊ दोन देशांच्या नियमात बसला पाहिजे. चिवडा, मेतकूट, गोडा मसाला गेला. ताजा कढीपत्ता नेऊ नका, अमेरिकेत तो येऊच देत नाहीत.

इथपर्यंत सगळं ठीक. आता बफेलो एअरपोर्ट ते बॉर्डरवरचा पूल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

माझी मैत्रीण मिसिसागाहून (टोरंटोच्या शेजारी, माझं घर तिथेच) गाडी घेऊन येणार होती, पण ती पण पीआरच आणि तिच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही, म्हणजे तिला पलीकडेच थांबावं लागणार. बफेलो एअरपोर्टहून नायगारा फॉल्स साधारण ४० किलोमीटर. बाहेर आल्यावर एक टॅक्सीवाला पुढे आला, म्हणाला ७५ डॉलर, रेनबो ब्रिज ओलांडून थेट कॅनडात सोडतो, रोज जातो. मी दोनदा विचारलं, पलीकडे ना? हो म्हणाला. मी मुंबईपासून झोपलेली नव्हते, बाहेर मार्चचा वारा, बसले. गाडी पुलाजवळ आली आणि ह्याने कडेला घेतली, म्हणे माझ्या गाडीला पलीकडची परवानगी नाही, इथून चालत जा, जवळच आहे. आणि भाडं १२०! का, तर दोन मोठ्या बॅगा, आणि "बॉर्डर ट्रिप". मी म्हटलं बॉर्डर ओलांडलीच नाहीस तर बॉर्डर ट्रिप कसली. बॅगा डिकीत, डिकी बंद, चावी त्याच्याकडे. शेवटी १०० दिले. ते २५ डॉलर मला आजही टोचतात, त्याहून जास्त टोचतं ते त्याचं ते "रोज जातो". मुळात टॅक्सी हे भाड्याने माणसं नेणारं वाहन, त्यातून बॉर्डरवर जायचं म्हणजे "खाजगी गाडी" ह्या शब्दालाच फाटा, पण हे मला बफेलोत कोण सांगणार होतं.

तर टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी घ्यायची तर ती पुलाच्या अलीकडेपर्यंतच आहे असं धरून घ्या, भाडं आधी फोनच्या स्क्रीनवर किंवा कागदावर लिहून घ्या, आणि बॅगा खाली उतरल्याशिवाय पैसे काढू नका.

चालत पूल ओलांडता येतो, हे खरं आहे, आणि अमेरिकेकडून कॅनडात येताना पायी माणसाला टोल नाही, तो उलट दिशेने जाताना असतो. पुलाची कमान २९० मीटरच आहे, रिकाम्या हाताने दहा मिनिटं सुद्धा लागणार नाहीत. पण २३-२३ किलोच्या दोन बॅगा, पाठीवर लॅपटॉप, आणि नदीवरून येणारा वारा जो धबधब्याचे तुषार घेऊन येतो आणि ते तोंडावर गारठतात, अशात एक बॅग पुढे ढकलायची, दुसरी मागे ओढायची, पन्नास पावलं गेलं की थांबायचं, हात बदलायचे. एका बॅगेचं चाक मध्यावर निखळलं. उजवीकडे की डावीकडे कुठेतरी धबधबा होता, मी बघितला नाही. हातमोजे चेक-इन बॅगेत ठेवू नका, चाकं निघायच्या आधी तपासा, आणि शक्य असेल तर एकच मोठी बॅग आणा. दोन आणायच्याच असतील तर चालायचा विचार सोडून द्या.

सगळे पूल चालायला नाहीत हे पण बघून ठेवा. व्हर्लपूल ब्रिज फक्त नेक्सस कार्डवाल्यांसाठी (आधीच तपासणी करून घेतलेले प्रवासी) आहे, लुइस्टन-क्वीन्सटनवर पायी सोडत नाहीत. उरले रेनबो आणि पीस ब्रिज. न्यूयॉर्कमधून ट्रेनने येणार असाल तर ॲमट्रॅकने नायगारा फॉल्स, न्यूयॉर्क ह्या स्टेशनवर उतरायचं, तीच ट्रेन पुढे टोरंटोला जात असली तरी पुढे बसून राहू नका, ट्रेनला कार्ड लागतं. ते स्टेशन व्हर्लपूल ब्रिजला खेटून आहे म्हणून लोक फसतात, चालायचा पूल तिथून साधारण ३ किलोमीटर लांब आहे.

सगळ्यात चांगला उपाय, जो मी परत अशी वेळ आली तर करीन: कॅनेडियन सिटिझन असलेला मित्र शोधा, त्याला बफेलो एअरपोर्टवर बोलवा, पीस ब्रिज तिथून साधारण २० किलोमीटर, पुढे क्यूईडब्ल्यू हायवेने घर. त्याचं पेट्रोल, टोल, जेवण सगळं तुम्ही द्या, तरीही टॅक्सीपेक्षा मनस्ताप कमी. भाड्याची गाडी घ्यायची तर ती बॉर्डर ओलांडून तिकडे सोडता येते का हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा.

कॅनडाच्या खिडकीवर काय झालं ते सांगते, कारण ह्याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती आणि त्यात काहीच नव्हतं. ऑफिसर बाईने संपलेलं कार्ड घेतलं, मी बरोबर कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडेन्सचा कागद, रिन्यूअलची पावती, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचं पत्र आणि मागचे टॅक्स नोटीस ऑफ असेसमेंट ठेवले होते. आत बसवलं, गेल्या ५ वर्षांत बाहेर किती राहिलात विचारलं, मी तारखांचा तक्ता करून आणला होता तो दिला. तिने कॉम्प्युटरवर बघितलं, आणि म्हणाली वेलकम होम. मी तिथेच रडले. इतके दिवस तो कन्सल्टंट सांगत होता की शिरताच येणार नाही, आणि हिला त्यात काही विशेष वाटलंच नाही! कागदांपैकी खरे कामाचे दोनच, संपलेलं कार्ड आणि तारखांचा तक्ता. रिन्यूअलला अर्ज करताना जुनं कार्ड पाठवायचं नसतं, फक्त फोटोकॉपी, त्यामुळे ते जपून ठेवा आणि चेक-इन बॅगेत चुकूनही टाकू नका. सामानाचं विचारलं तर खरं सांगा, ४८ तासांहून जास्त बाहेर असाल तर ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंवर ड्युटी नाही.

आणि हे सगळं ज्यांचे ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात भरतात त्यांच्यासाठी आहे. भरत नसतील तर माझं वाचून बफेलोचं तिकीट काढू नका. बॉर्डरवर पण ते दिवस मोजू शकतात, रिपोर्ट लिहून रिमूव्हल ऑर्डर (देश सोडायचा आदेश) देऊ शकतात, अपील ३० दिवसांत करायचं असतं. बाहेरून ट्रॅव्हल डॉक्युमेंट मागितलं आणि दिवस कमी म्हणून नाकारलं तर ६० दिवस मिळतात. अशा वेळी आधी लायसन्स असलेल्या वकिलाशी बोला, आणि नात्यात कोणी आजारी होतं, हॉस्पिटलचे कागद आहेत, तर ते सगळे बरोबर न्या, मानवी कारणं विचारात घेतात.