जुनं चर्च, नवा वापर: या खेपेला आवाजाचं गणित

आमचं जुनं चर्च आम्ही गाणं, बैठका आणि दुरुस्तीच्या कट्ट्यासाठी वापरात आणतोय. त्यातली बाकं हलवायची की नाही यावरची खडाजंगी एकदाची मिटली. बरीचशी भिंतीकडेला गेली, मधली जागा मोकळी झाली आणि लगेच दुसरं दुखणं वर आलं. आवाज भयंकर घुमतो! बाकांवरच्या गाद्या काढल्यावर तो वाढणारच होता म्हणा.

हे घुमणं मोजायला फार सामान लागत नाही. वेदीपाशी फुगा फोडायचा, दाराशी ध्वनिमुद्रण करायचं आणि आलेखावर उतार बघायचा. नियमाने आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ मोजायचा असतो, पण तेवढ्या खाली जाईपर्यंत बाहेरचा गलका आड येतो. म्हणून २० डेसिबलला लागलेला वेळ तिप्पट करतात. आमचा आकडा ४ सेकंदांच्या आसपास आला. समूहगानाला स्वर्ग! पण कुणी बोलू लागलं की एक अक्षर पुढच्याच्या डोक्यावर बसतं. बोलणं नीट कळायला साधारण १ सेकंद हवा.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइनचं सूत्र इथे कामी आलं: घुमण्याचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण ध्वनिशोषण (आतले पृष्ठभाग मिळून किती आवाज गिळतात ते). आमची वास्तू धरून चाला ३,००० घनमीटर. म्हणजे आत्ता शोषण सुमारे १२० चौरस मीटर आणि हवं ४८० च्या वर. उरलेलं भिंती मढवून भरून काढायचं तर कमानी झाकल्या जातील आणि जुन्या चुन्याच्या भिंतीतली ओल आतच कोंडेल. हा विचार तिथेच सोडला.

त्यापेक्षा खोलीतच खोली उभारू. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या डोमिनिकन चर्चमध्ये २००६ साली पुस्तकांचं दुकान थाटलं, तेव्हा पोलादी मजल्यांची रचना भिंतींपासून सुटी उभी केली. इंग्लंडमधल्या बोल्टनच्या ऑल सोल्स चर्चमध्येही समाजकेंद्राच्या खोल्या जुन्या कवचाच्या आत स्वतंत्र उभ्या आहेत. आमचा अवतार छोटा आहे: मागच्या गॅलरीखाली लाकडी चौकट, काचेचे पडदे, आतून ध्वनिशोषक छत. तिथे दुरुस्तीचा कट्टा आणि बैठका, बाहेरचा मोठा भाग गाणाऱ्यांना. दगडी भिंतीला एकही खिळा नाही. उद्या कुणाला नको झालं तर सगळं उचलून नेता यावं. लाद्यांखाली जुनी दफनं आहेत, त्यामुळे खणायचा प्रश्नच नाही. विजेच्या तारा लाद्यांच्या वर उंचावून बसवलेल्या फळ्यांच्या जमिनीखालून नेतोय.

मधल्या वेळात उत्तरेच्या भिंतीवरचं सिमेंटचं ठिगळ हाताने, छिन्नीने काढतोय. त्याच्या कडेने पोपडे सुटलेत आणि पांढरे क्षार वर आलेत, कारण ओलीला बाहेर पडायची वाट त्या ठिगळाने बुजवली. यंत्र लावलं तर काम झटपट होईल, पण दगडाच्या कडा उडतील. जागा सुकली की चुन्याचा गिलावा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू आवळतो. त्याआधी ऊन लागून झटकन वाळू नये म्हणून वर ओली गोणपाटं टांगायची.

आतल्या खोलीच्या लाकडी चौकटीचे सांधे स्क्रूऐवजी लाकडी खुंट्यांनी करायचा विचार आहे. काचेचं वजन पेलणारी अशी चौकट कुणी केली असेल, तर खुंटीची जाडी किती ठेवली तेवढं सांगा.