पर्याय क्रमांक एक

बोरमाळ मोडून वकिलाची फी भरलेली एक मावशी मला इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर म्हणायचं) कोर्टात भेटली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून जात होते. काम साधं. लोकअदालतीला टेबल मांडून बसायचं, लोकांच्या नोटिसा वाचून दाखवायच्या, कुणी कुठल्या पॅनलपुढे जायचं ते सांगायचं. मावशीचा मुलगा सांगलीच्या जेलमध्ये होता. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अटही नाही, हे तिला त्या दिवसापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यानं फी घेतली त्यानंही नाही.

घरी येऊन म्हटलं, मी एलएलबी करणार. बाबा म्हणाले, "जज्ज हो मग." वकिलांवर त्यांचा फारसा विश्वास नाही.

२०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ. पेपर बरा गेला होता आणि मनात योजना पक्की होती. पुण्यातलं कॉलेज घ्यायचं, सकाळी लेक्चर, संध्याकाळी न्यायाधीश परीक्षेचा क्लास, ५५ टक्क्यांच्या वर राहायचं आणि डिग्री हातात पडली की थेट कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा. आमच्याकडे या परीक्षेला सगळे जेएमएफसीच म्हणतात. नव्या पदवीधरांना ती तेव्हा थेट देता येत होती, आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती त्यावरच चालायच्या.

२० मेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली हवी. ही तीन वर्षं तात्पुरत्या सनदेपासून, म्हणजे वकिलीच्या तात्पुरत्या परवान्यापासून, मोजायची. किमान दहा वर्षं सनद असलेल्या वकिलाचा दाखला लागणार आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही. माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी रडारड चालली होती. मीही फोन उलटा ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वकीलकाकांकडे गेले. काकांची प्रॅक्टिस तीस वर्षांची, निम्म्याहून अधिक जमिनीचे दावे. त्यांनी निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट विचारलं, "पोरी, सनद मिळाल्यावर पहिलं वकीलपत्र कुठल्या कोर्टात घालणार?" मला उत्तर येईना. पुण्यात म्हणावं तर पुण्यात मला ओळखतं कोण? इस्लामपुरात म्हणावं तर मग तीन वर्षं पुण्यात राहून इथल्या कोर्टातलं काय शिकणार? काका म्हणाले, "मग कॉलेज नंतर ठरव. आधी कोर्ट ठरव."

माझ्या वह्यांतले सगळे तक्ते त्या वाक्यानं उलटेपालटे झाले. तोवर मी कॉलेजांची तुलना नाव, जुनेपणा, कटऑफ आणि माजी विद्यार्थी यावर करत होते. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं, १९३५ साली तिथे बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, यशवंतराव चव्हाण तिथूनच वकील झाले. कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज १९३३ चं. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे, पण जेलमध्ये अडकलेल्या पोराच्या आईला तुमचे प्राचार्य कोण होते याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

तरी मी जाऊन पाहून आले. मुंबईत चर्चगेटला उतरलं की पाच मिनिटांत कॉलेज. तिथली मुलं सकाळी लेक्चर करून दिवसभर सिनियरच्या चेंबरला जातात, हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर. मोह पडेल अशीच जागा. पण कॉट बेसिसवर राहायचे दर विचारले आणि बाबांनी सरळ परतीच्या गाडीची वेळ बघितली. शिवाय माझे गुण तिथल्या कटऑफच्या काठावर लटकत होते. आयएलएसला मागची टेकडी, झाडी आणि ग्रंथालय बघून मी तासभर नुसती बसून राहिले. खरं सांगायचं तर आजही कुणी विचारलं की शिकायला कुठे आवडलं असतं, तर उत्तर तेच येईल. दिल्ली विद्यापीठाचाही विचार आठवडाभर केला, कारण फी कमी. पण आपल्याकडे खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. फिर्याद, जबाब, रोजनामा (कोर्टाची रोजची नोंद), सगळं मराठीत. जेएमएफसीच्या मुख्य परीक्षेची उत्तरंही मराठीत लिहिता येतात. ती कोर्टाची मराठी दिल्लीत कुठून कानावर पडणार?

आता पैशांचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच, झाला पाहिजे. मी ओबीसी. म्हणजे फीच्या बाबतीत सगळी कॉलेजं जवळपास एका रांगेत आली आणि फरक उरला तो राहण्या-जेवणाचा. हे नीट समजून घ्या, कारण एका खासगी कॉलेजातून मला फोन आला होता, "मॅडम, कॅपची वाट कशाला बघता, संस्था स्तरावर सीट बुक करा, सवलतीचं नंतर बघू." नंतर बघण्यासारखं काही नसतं. संस्था स्तरावरच्या जागेला ही माफी लागूच नाही. फी दीड लाखाच्या घरात. बाबा जवळजवळ हो म्हणाले होते.

आणि माझं नॉन-क्रिमी लेयर. सर्टिफिकेटची मुदत ३१ मार्चलाच संपली होती आणि मी तेच अपलोड करून निवांत होते. ई-स्क्रुटिनीतून, म्हणजे कागदपत्रांच्या ऑनलाइन तपासणीतून, अर्ज परत आला. सेतूत गेले तर सर्व्हर डाऊन. पुन्हा गेले तर तलाठ्याचा उत्पन्न दाखला जुना. तिसऱ्या खेपेला साहेब ट्रेनिंगला. नऊ दिवस गेले त्यात. सीईटीच्या अभ्यासापेक्षा जास्त घाम मी त्या रांगेत गाळला. यंदा देणाऱ्या पोरींनो, परीक्षेचा फॉर्म भरताच आधी नॉन-क्रिमी लेयर आणि जात पडताळणीच्या मागे लागा.

पर्याय भरायची वेळ आली तेव्हा मी वहीत नवा तक्ता केला. रकाने दोनच. एक, दुपारी कोर्टात जाऊन बसता येईल का? दोन, तिथल्या वकिलांच्या बारमधला एखादा सिनियर सहा वर्षांनंतरही माझ्या ओळखीचा असेल का? वकिलीची तीन वर्षं आता कुणालाच चुकत नाहीत. सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचं तर पाच वर्षं लागतात. फक्त नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) लोक अभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपींचा बचाव करणाऱ्या सरकारी वकिलांच्या कचेरीत, सहायक म्हणून अगदी नव्या वकिलालाही घेतात. पूर्णवेळ काम, खासगी केस घ्यायची नाही. न्यायाधीशाच्या परीक्षेपर्यंतची वर्षं तिथे काढता आली तर? ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती अजून बाबांना सांगितलेली नाही.

दोन्ही रकान्यांत कोल्हापूर वर आलं. इस्लामपूरपासून एसटीनं सव्वा तास, बायकांना तिकीट निम्मं, जेवण घरचं, आणि जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात. पहिल्या क्रमांकाला शहाजी टाकलं. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो, त्यामुळे बटण दाबताना हात थरथरला. पुण्याला गेलेली मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का, मेरिट वाया घालवतेस." तिचंही खोटं नाही. तिच्याकडे अभ्यासाचा गट आहे, क्लास आहेत, चर्चासत्रं आहेत. बीएनएसएसची, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याची, कलमं ती माझ्याआधी पाठ करणार.

फेऱ्या सुरू असतानाच, १ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचची अधिसूचना निघाली आणि १८ ऑगस्टपासून सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. चाळीसहून अधिक वर्षांची मागणी. बाबांनी पेढे वाटले, जणू बेंच माझ्यासाठीच आलं. मला मात्र त्याचा थेट फायदा सध्या तरी दिसत नाही. मला शिकायचं आहे ते खालच्या कोर्टातलं. उलट चांगले सिनियर तिकडे वळतात आणि बावड्याच्या कोर्टात तारखा पडतात, असं बाररूममध्ये ऐकते.

आता कॉलेज सुटलं की मी बावड्याला जाते. काकांच्या ओळखीनं एका वकीलबाईंच्या मागच्या बाकावर बसते. त्या बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायला लावतात, रोजनामा वाचायला लावतात, पुकारा झाला की पक्षकाराला आत घेऊन यायला सांगतात. परवा एका साक्षीदाराचा उलटतपास चालू असताना त्यांनी एक प्रश्न गिळला. बाहेर आल्यावर विचारलं, का नाही विचारला? म्हणाल्या, "उत्तर माहीत नव्हतं." एवढंच. मी वहीत लिहून घेतलं.

रात्री आई भाकऱ्या थापताना विचारते, जज्ज कधी होणार? मी हिशेब सांगते. २०२८ ला डिग्री, मग तीन वर्षं वकिली, २०३१ ला परीक्षेला बसता येईल, तेव्हा मी अठ्ठावीसची. आई गप्प होते. बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणतात, "तोवर एसटीचं तिकीट निम्मं ठेवतील ना?"