प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट

"देवाच्या माणसानं कायदा मोडायचा?" गोव्यातल्या म्हार्दोळच्या देवळाच्या पायरीवर आज काकांनी विचारलं. प्रसादाचा द्रोण हातातच राहिला.

मी डॅनियल बेरिगनबद्दल सांगत होतो. जेझुइट पाद्री. १७ मे १९६८ रोजी अमेरिकेतल्या केटन्सव्हिलला त्यांनी आठ साथीदारांसह व्हिएतनाम युद्धासाठीच्या सैन्यभरतीच्या फायली बाहेर आणून जाळल्या. पळाले नाहीत. प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट बघत उभे राहिले.

ते उभं राहणंच माझ्या मनातून जात नाही.

काका बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "१८ जून १९४६ला मडगावात पोर्तुगिजांची सभाबंदी मोडून राममनोहर लोहियांनी तरी दुसरं काय केलं?"

देवळात आणि इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण शांतीसाठी रोज हात जोडतो. त्याच शांतीसाठी एखादा भटजी किंवा पाद्री उद्या तुरुंगात गेला, तर त्याला भेटायला आपल्यापैकी कोण जाईल?