विहिरींच्या साइटला मोजणी लावली, महिनाभराचा हिशेब

मंडळी, मागं म्हणालो होतो ना की साताऱ्याभोवतीच्या जुन्या विहिरींच्या नोंदी टाकायला जी साइट केलीय तिच्यावर कोण येतं जातं ते कळायला काहीतरी फुकटातलं लावायचंय, तर ते काम झालं एकदाचं. एका संध्याकाळचं वाटलं होतं, महिना गेला.

सुरुवात लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर झाली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, अष्टकोनी विहीर आहे, वरून शिवलिंगासारखा आकार, आत चक्क महाल, वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधलेली. मी टेप लावून पायऱ्या मोजत होतो आणि कठड्यावर बसलेले एक आप्पा बराच वेळ बघत होते. शेवटी विचारलंच, "कशापायी रं एवढं?" म्हटलं नेटवर टाकतो आप्पा, लोकांनी वाचावं म्हणून. "लिवतोयस ते बरं हाय, पर वाचतंय कोण?" आता याला काय सांगणार, मला तरी कुठं माहीत होतं. टेप गुंडाळली, पण पोवई नाका येईपर्यंत तेच डोक्यात.

आधी माझी अडचण सांगतो म्हणजे पुढचं कळेल. साइट स्टॅटिक आहे, म्हणजे नुसती तयार पानं, गिटहब पेजेस नावाच्या फुकट होस्टिंगवर ठेवलीय, निवांत, पण तिथं सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं त्याची सर्व्हरनं ठेवलेली वही, आपल्याला मिळत नाहीत. त्यामुळं ऑस्टॅट्स, गोअ‍ॅक्सेस असले लॉग वाचून हिशेब काढणारे प्रकार पहिल्याच फटक्यात बाद. तुमचं होस्टिंग साधं शेअर्ड असेल तर पॅनलमध्ये ऑस्टॅट्स बहुतेक आधीच असेल, बघून घ्या, फक्त त्यातला 'हिट्स'चा आकडा बघून कंदी पेढे वाटू नका. हिट म्हणजे माणूस नाही, सर्व्हरकडं मागितलेली प्रत्येक फाइल. माझ्या लिंबच्या पानावर चौदा फोटो आहेत, त्यात सजावटीची सीएसएस फाइल आणि फॉन्ट धरा, एक माणूस एकदा आला की वीसेक हिट. वर बॉट्सची, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमची, गर्दी वेगळी.

म्हणजे पानातच मोजणारी स्क्रिप्ट, छोटा प्रोग्रॅम, टाकणारं काहीतरी पाहिजे. मागं एकदा एक फुकट काउंटर लावला होता, खाली आकडे फिरणारा, नाव नाही सांगत, त्यानं काही महिन्यांनी मोबाइलवर जाहिराती उघडायला सुरुवात केली आणि मला ते मावसभावानं फोन करून सांगितलं, "अरे तुझी विहीर उघडली की रमी उघडतीय." तेव्हापासून फुकट म्हटलं की आधी विचारतो, याचं पोट कशावर भरतं.

पहिला आठवडा गुगल अ‍ॅनालिटिक्स. सगळे तेच लावतात म्हणून. मूळचं हे अर्चिन नावाच्या कंपनीचं, २००५ मध्ये गुगलनं घेतली, आणि माणूस कुठून आला ते कळायला लिंकच्या मागं आपण जे यूटीएम चिकटवतो त्यातला यू म्हणजे अर्चिनच, हे मला आत्ता कळलं. जुनी यूनिव्हर्सल आवृत्ती १ जुलै २०२३ ला बंद पडली, आता तिच्या जागी जीए४ ही आवृत्ती. दणकट आहे, प्रश्नच नाही, पण आठ माणसं यायची आणि रिपोर्ट चाळीस. साधं कुठलं पान किती वाचलं ते शोधायला मला तीन मेनू लागले. ज्यांनी लावलंय त्यांनी एक गोष्ट आजच तपासा, एक्सप्लोरेशन नावाच्या स्वतः जुळवायच्या रिपोर्टमध्ये वापरला जाणारा तपशीलवार डेटा मूळ सेटिंगला दोनच महिने राहतो, अ‍ॅडमिनमध्ये जाऊन तो १४ महिने करून ठेवा, मागचं गेलेलं परत येत नाही. गावांच्या यादीत पुणे आणि मुंबईच दिसायची, सातारा औषधालाही नाही. मोबाइल डेटावरचा माणूस कंपनीच्या गेटवेमधून बाहेर पडतो आणि आयपीवरून, म्हणजे नेटवरच्या पत्त्यावरून, त्या गेटवेच्याच गावाचं नाव लागतं, त्यामुळं लिंबात बसून साइट बघणारा पण पुणेकर होतो! शिवाय त्याच्या कुकीज, म्हणजे ओळख पटायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, मग त्या परवानगीच्या पट्ट्या, विहिरीचा फोटो बघायला आलेल्या माणसाला कशाला छळायचं. काढून टाकलं.

मग हौस आली की मॅटोमो नावाचं मोजणीचं सॉफ्टवेअर घरीच चालवू. पूर्वी त्याला पिविक म्हणायचे, २०१८ ला नाव बदललं, पीएचपी आणि मायएसक्यूएल असलं की आपल्या मशीनवर फुकट चालतं आणि डेटा आपल्याच घरात. जुना लॅपटॉप होता, दोन रात्री घालवून सगळं चढवलं, घरातल्या घरात मस्त चाललं आणि बाहेरून काही उघडेना. राउटरला पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरची हाक लॅपटॉपकडं वळवली, फायरवॉल बंद करून बघितली, शेवटी राउटरचा वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघितला तर १०० नं सुरू होणारा. सीजीनॅट. म्हणजे कितीतरी घरांना मिळून बाहेर एकच पब्लिक आयपी, बाहेरच्यानं हाक मारली तर नेमकं कुणाच्या दारात जायचं ते कुणालाच माहीत नाही. उपाय आहेत, टनेल वगैरे, पण तेवढ्यात लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली, तिथंच तो नाद सोडला. उमामी पण चांगलं ऐकलं, त्यालाही आपल्या मशीनवर नोड हे सॉफ्टवेअर आणि डेटाबेस सांभाळा, नको. प्लॉझिबल दिसायला सगळ्यात देखणं, पण त्यांच्याकडं ठेवायचं तर पैसे.

राहिले दोन, क्लाउडफ्लेअर वेब अ‍ॅनालिटिक्स आणि गोटकाउंटर. दोन्ही कुकीशिवाय चालतात, दोन्ही एका ओळीची स्क्रिप्ट, पानाच्या कोडमध्ये शेवटी बॉडी टॅग बंद होतो त्याच्या वर टाकायची. गोटकाउंटर ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या छोट्या साइटला त्यांच्याकडंच फुकट ठेवता येतं, देणग्यांवर चालतं, म्हणजे पोटाचा प्रश्न सुटला. दोन्ही एकदमच लावून पंधरा दिवस ठेवले.

आकडे जुळले का? एक दिवस पण नाही. आधी मला वाटलं माझंच चुकतंय, मग एक प्रयोग केला आणि तो तुम्ही पण करून बघा. घरातले तीन अँड्रॉइड फोन घेतले, माझा, आईचा, बहिणीचा, तिन्ही एकाच वायफायवर, तिन्हीत क्रोम, आणि एकच पान उघडलं. गोटकाउंटरनं मोजलं, एक. आई म्हणाली आम्हाला माणसात धरत नाही वाटतं हे. गंमत अशी की तो कुकी ठेवत नाही, आयपी आणि ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो ती मिळून एक हॅश, म्हणजे उलटा न उलगडणारा सांकेतिक आकडा, करतो, तो काही तास ठेवतो आणि त्यावरून ठरवतो की हा नवा का मगाचाच. आमच्याकडं आयपी एकच, आणि अँड्रॉइडवरचं क्रोम २०२३ पासून फोनचं मॉडेल सांगतच नाही, कुठलाही फोन असू दे, 'अँड्रॉइड १०, के' एवढंच. आम्ही तिघं मिळून एक झालो. सीजीनॅटवर तर अख्खी गल्ली एक होऊ शकते. उलट बाजूनं, यूब्लॉक हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लावलेल्यांकडं असल्या स्क्रिप्टा चालतच नाहीत, ते कुठंच दिसत नाहीत. म्हणजे खरा आकडा कुणाकडंच नाही. विहिरीची खोली मी दोरीला दगड बांधून मोजतो, वीतभर इकडंतिकडं होतंच, पण उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं ते त्याच दोरीनं बरोबर कळतं. दोरी बदलली नाही म्हणजे झालं.

मग निवड कशावर केली, तर व्हॉट्सअ‍ॅपवर. आपल्याकडं लिंक फिरते ती ग्रुपवर, आणि तिथून आलेला माणूस मोजणीत बहुतेक 'थेट आला' म्हणून दिसतो, कारण अ‍ॅप मागचा पत्ता पाठवत नाही. त्याला इलाज म्हणजे लिंकच्या शेवटी '?ref=अमुक' असं शेपूट लावायचं. गोटकाउंटर ते वाचून आलेला कुठून ते दाखवतो, क्लाउडफ्लेअर प्रश्नचिन्हाच्या पुढचं काही नोंदवतच नाही, प्रायव्हसीसाठी मुद्दाम. चांगली गोष्ट आहे, माझ्या उपयोगाची नाही. ट्रेकिंगच्या ग्रुपला एक शेपूट, कॉलेजच्या ग्रुपला दुसरं, आणि कळलं की कॉलेजवाले फक्त अंगठा दाखवतात, उघडत कोणी नाही. असो. स्वतःच्या चकरा वगळायला पत्त्यापुढं '#toggle-goatcounter' टाकून पान एकदा उघडायचं, त्या ब्राउझरपुरतं मोजणं बंद होतं. लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच मशीनवर उघडून बघितलेली साइट, तो आपणहून सोडतो.

जोडीला गुगलचं सर्च कन्सोल ठेवलंय, गुगलवर लोक काय शोधत आले ते तिथं कळतं, १६ महिन्यांचं दिसतं. तिथं दुसरा धक्का, शोधणारे मराठीच शोधतात पण इंग्रजी अक्षरांत टाइप करून, आणि माझी सगळी शीर्षकं देवनागरीत. आता वर्णनात दोन्ही लिहायला लागलोय.

आणि निकाल. ज्या मोजमापाच्या चित्रावर मी तीन रविवार घातले ते पान यादीत पार तळाला. एक नंबरला काय, तर 'लिंब फाट्यावरून विहिरीला कसं जायचं', जे मी चहा पिता पिता दहा ओळीत खरडलं होतं.

परवा पुन्हा लिंबला गेलो तर आप्पा तिथंच. म्हटलं आप्पा, कळलं, महिन्यात दोनशेच्या आसपास माणसं येऊन गेली. आप्पांनी तंबाखू मळता मळता वर पण बघितलं नाही. "गाडी कुटं लावायची त्येच इचारत आली आसतील."

मग त्यांनीच उठून दाखवलं, कुठपर्यंत गाडी येते, कुठं लावली की उसाच्या ट्रॉलीला अडत नाही, पावसाळ्यात कुठला तुकडा रुततो. ते सगळं आज त्या दहा ओळींच्या खाली टाकलं, आणि त्याच्या खाली माझं चित्र.