दोन पांढरे

ताईंनी फोनवर सांगितलं होतं, "जमिनीवर रंगाचे थोडेफार शिंतोडे आहेत, दोन तासांचं काम." आमच्या धंद्यात 'थोडंफार' या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस रात्री जेवायला घरी पोचत नाही. तरी मी ठेवला.

दार उघडलं तर जमीन ठीकच वाटली. तपकिरी, लाकडी रेषांचं लॅमिनेट, बऱ्यापैकी चकचकीत. भिंतीलगत मोठे थेंब होते आणि खिडकीखाली एक ओघळ. मी पडदे ओढले, दिवे बंद केले आणि बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून लावली. उजेड तिरपा पडला की प्रत्येक ठिपक्याची सावली पडते. पाहतो तर सबंध दिवाणखान्यात टाचणीच्या डोक्याएवढे हजारो ठिपके. छताला रोलर मारताना उडालेली बारीक फवार होती ती. आधी जमीन बसवली, मग रंगारी आले. वर अंथरलेले कागद पायाखाली सरकत गेले. हा उलटा क्रम लोक का धरतात हे मला आजवर कळलेलं नाही.

माझ्याबरोबरच्या पोराने पिशवीतून तारेची घासणी काढली. मी जवळजवळ ओरडलोच. लॅमिनेट दिसतं लाकडासारखं, पण तो लाकडाचा छापलेला कागद असतो. खाली दाबून घट्ट केलेल्या लाकडाच्या भुशाची फळी, तिच्यावर तो कागद आणि कागदावर मेलामाइनचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, पारदर्शक थर. त्या थरात झीज होऊ नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण घातलेले असतात, पण त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. खरं लाकूड खरवडलं गेलं तर घासून पुन्हा पॉलिश करता येतं. इथे चरा पडला की पडला. "आणि पाणी?" पोराने विचारलं. पाणी बादलीत ठेव म्हटलं. सांध्यात मुरलं की आतला भुसा फुगतो, कडा वर येतात आणि पुन्हा कधी बसत नाहीत.

पहिला प्रश्न नेहमी एकच: रंग कुठला? कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भिंतीजवळच्या एका थेंबावर अर्धा मिनिट दाबून धरलं. उचललं तर बोळ्यावर पांढरा डाग. म्हणजे इमल्शन, पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग. हा रंग वाळला की पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने नरम पडतो. मग प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरायची आणि फळीच्या लांबीच्या दिशेने ढकलायची. थेंब खपलीसारखा सुटतो. मला या कामातलं हेच आवडतं. खपली निघताना जो बारीक 'टक' आवाज येतो ना, तो. बारीक फवारीला पट्टी लागतच नाही. स्पिरिटचं ओलसर फडकं फिरवायचं, रंग फडक्यावर येतो. फडकं मात्र सतत पालटायचं, नाहीतर तोच रंग पुढच्या फळीवर पातळ पसरतो आणि वाळल्यावर दुधट झाक दिसते.

दुपारपर्यंत दिवाणखाना झाला. फळ्यांमधल्या खाचांत बसलेला रंग लाकडी दातकोरण्याने काढला, एकेक खाच, गुडघे टेकून. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

आतल्या खोलीच्या दाराशी घोडं अडलं. तेच पांढरे थेंब, तोच आकार, पण स्पिरिटचा बोळा कोरा. दुसरा लावला, तोही कोरा. मी मान वर केली. दाराची चौकट पांढरी होती, भिंतीसारखीच, पण तिला तुळतुळीत चकाकी. ऑइल पेंट. दोन पांढरे दिसायला सख्खे भाऊ, स्वभावाने कोणी कोणाचे नाहीत. टर्पेंटाइन लावून पाहिलं, पण वेळ गेली होती. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून आवळत जातो, आणि इथे त्याला दोन महिने मिळाले होते. ओला असता तर टर्पेंटाइनने पुसला गेला असता.

राहिलं अ‍ॅसिटोन. दारामागच्या कोपऱ्यात आधी एक ठिपका लावून, पुसून, बॅटरीने तपासलं. चकाकी शाबूत होती. खिडक्या उघडल्या, आणि पोराला बजावलं की बाथरूमसमोरच्या पट्ट्यात ही बाटली न्यायचीसुद्धा नाही. तिथे विनाइल होतं, म्हणजे प्लास्टिकची जमीन. दिसायला लॅमिनेटची जुळी बहीण, पण अ‍ॅसिटोन लागलं की चिकट होऊन विरघळायला लागते. मग कान साफ करायच्या काडीने एकेका थेंबावर अ‍ॅसिटोन. थोड्या वेळात थेंबावर सुरकुती येते, तेवढ्यात पट्टी घालायची. उशीर केला की ते उडून जातं आणि थेंब पुन्हा घट्ट.

संध्याकाळी एक शेवटचा फिकट डाग राहिला होता. मी दमलो होतो. पिशवीत तो पांढरा स्पंज होता, नुसत्या पाण्याने भिंतीवरचे पेन्सिलचे डाग काढतो तो. मऊ लागतो हाताला. चांगला जोर लावून पाच-सहा मिनिटं घासलं. डाग हलला नाही. तेवढ्यात पोरगा दोन पावलांवरून म्हणाला, "काका, तोच डाग इकडेपण आहे." आणि पलीकडे आणखी एक, त्याच जागी, त्याच आकाराचा. छापातली गाठ होती ती. कागदावरचं चित्र ठरावीक फळ्यांनंतर पुन्हा येतं, हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे.

बॅटरी आडवी लावली. गाठीभोवती तळहाताएवढा भाग मंद झाला होता. तो स्पंज म्हणजे मेलामाइनचाच कडक फेस, अतिबारीक सॅंडपेपरच. सकाळी मी घासणीवरून पोराला झापलं होतं. तो काही बोलला नाही, फडकी गोळा करत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

ताई आल्यावर आधी तीच जागा दाखवली. वरच्या दिव्यात त्यांना काही दिसेना. "राहू द्या की हो दादा," म्हणाल्या. मी बॅटरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाकून पाहिलं आणि गप्प झाल्या.

नशीब, फळी भिंतीपासून तिसरी होती आणि माळ्यावर उरलेल्या फळ्यांचा अर्धा खोका होता. दुसऱ्या दिवशी फ्लोअरिंगवाल्या सुताराने कडेची पट्टी काढून तीन ओळी उकलल्या, फळी बदलली आणि पुन्हा बसवल्या. त्याची मजुरी मी दिली.

जुनी फळी माझ्या गाडीत असते. नवीन काही आणलं की पोरगा आधी तिच्यावर लावून बघतो, गाठीच्या बाजूला, जिथे चकाकी अजून आहे.