वर गेलेला चेंडू आणि शून्य बल

तुम्ही विचारलंत म्हणून, पुन्हा एकदा. सरळ वर फेकलेला चेंडू टोकाला पोचून क्षणभर थांबतो, मग तेव्हा त्याच्यावरचं बल शून्य नसतं का?

नसतं. त्याच्या वजनाएवढं असतं, खालच्या दिशेने, आणि त्याला तोलून धरणारं तिथे काहीही नसतं. हवेचा विरोधसुद्धा नाही, कारण वेगच नाही.

हाच प्रश्न मला तोंडी परीक्षेत आला होता. मी म्हणाले, "वजनाएवढं, खाली." परीक्षकांनी मान हलवली. "चेंडू थांबलाय ना? थांबलेल्या वस्तूवरची बलं संतुलित असतात. मग बल किती?" मी उत्तर बदललं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाला सांगावं तसं. मागे बसलेलं कोणीतरी हसलं. मग "या तुम्ही". गुण गेले त्याचं आता काही वाटत नाही. तो सावकाशपणा मात्र अजून खुपतो.

"बल शून्य असेल तर चेंडू खाली येतो कशाला? तिथेच लटकून राहील की!" एवढं विचारायचं होतंस, असं मी परीक्षेतल्या त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, अनेकदा सुनावते. ती म्हणते, तू बोलून दाखव, समोर गुणांचा कागद घेऊन कोणी बसलेलं असताना.

आकड्यांत बघा. टोकाच्या ०.१ सेकंद आधी वेग सेकंदाला ०.९८ मीटर, वर. टोकाला शून्य. ०.१ सेकंदानंतर पुन्हा ०.९८, पण खाली. दोन्ही वेळा बदल तेवढाच, त्याच दिशेने. असंतुलित बलाचं काम वेग बदलणं. तो बदलताना शून्यातून गेला म्हणून बल सुट्टीवर जात नाही. उलट एकसमान वेगाने चढणाऱ्या लिफ्टवरचं एकूण बल शून्य असतं. हे सांगितलं की लोक जास्तच चिडतात.

चिडण्यात त्यांचं काय चुकलं? गती टिकायला बल लागतं, हे अ‍ॅरिस्टॉटललाही पटलेलं होतं. ते खोडणारे न्यूटनचे नियम छापले गेले १६८७ मध्ये. तरी दरवेळी माझा आवाज चढतोच.

आणि 'क्षणभर थांबतो' म्हणजे किती वेळ? शून्य सेकंद. शून्य सेकंद थांबलेल्याला थांबलेला म्हणावं का, यावर माझं माझ्याशीच अजून पटलेलं नाही.