नोकरी सांभाळून पुस्तक: लिहिणं कमी, तपासणं फार

पुस्तक लिहितोय म्हटलं की लोक आधी विचारतात, वेळ कसा काढतोस? उत्तर अगदीच साधं आहे: पहाटे. हिंजवडीची बस पकडायच्या आधी तास-दीड तास. ऑन-कॉलचा आठवडा असला (म्हणजे सिस्टिम बिघडली तर केव्हाही धावायची पाळी) की तोही नाही. शनिवार-रविवारवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण शनिवारी बँक, भाजी, कुणाचं तरी बारसं निघतं आणि रविवारी दुपारी जेवल्यावर माणूस लिहीत नसतो. पण तो वेळ नेमका कशात गेला, हे कुणी विचारत नाही. लिहिण्यात तर फारसा गेलाच नाही.

पुस्तक पोस्टग्रेस या डेटाबेसवरचं, इंग्रजीत. विषय एवढाच की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हळू का चालते आणि एक्स्प्लेन या कमांडने दाखवलेला प्लॅन (उत्तर कोणत्या वाटेने शोधायचं त्याचा आराखडा) वाचून ते कसं ओळखायचं. ऑफिसात वर्षानुवर्षं हेच करतोय, त्यामुळे काय लिहायचं हा प्रश्न कधी पडला नाही. ज्युनिअर मुलं जेवणाच्या सुट्टीत जे विचारायची, त्याचीच प्रकरणं झाली.

सुरुवात परवानगीपासून झाली. आमच्या क्षेत्रात बहुतेकांच्या नेमणूकपत्रात एक कलम असतं: नोकरीत असताना केलेली निर्मिती कंपनीच्या मालकीची. सही करताना ते कुणी वाचत नाही. आणि प्रकाशकाच्या करारात लेखक लिहून देतो की मजकूर माझा आहे, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. दोन्ही कागदांवर एकाच माणसाची सही असून चालत नाही. एचआरला मेल, तिथून लीगल, मग आठवण, पुन्हा आठवण. शेवटी पत्र मिळालं, तीन अटींसह: ऑफिसचा लॅपटॉप वापरायचा नाही, क्लायंटचा डेटा नाही, कंपनीचं नाव नाही. तिन्ही रास्तच. प्रकाशकाच्या करारावर सही त्यानंतर केली, आणि कुणी विचारलं तर याच क्रमाने करा असं सांगतो.

दुसऱ्या अटीने मात्र काम वाढवलं. डेटा आपणच बनवायचा. मी एसटीच्या तिकिटांचं टेबल घेतलं: आगार, मार्ग, बसचा प्रकार, तारीख, भाडं. रँडमने लाखो ओळी पटकन तयार होतात, पण त्या फार गुणी निघतात. सगळ्या आगारांना सारखीच तिकिटं, सगळ्या मार्गांवर सारख्याच गाड्या. प्लॅनर, म्हणजे पोस्टग्रेसचा प्लॅन ठरवणारा भाग, किती ओळी मिळतील याचा आधी अंदाज बांधतो. अशा डेटावर तो सहसा चुकत नाही, आणि माझं अर्धं पुस्तक अंदाज का चुकतो यावर! म्हणून डेटा मुद्दाम वाकडा केला. स्वारगेटला ढीगभर तिकिटं, लहान आगारांना चिल्लर, दिवाळीच्या आठवड्यात उसळी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शिवनेरी एकाच मार्गावर ठेवली, पुणे-मुंबई.

त्यातून मला हवं ते उदाहरण मिळालं. समजा २० टक्के तिकिटं पुणे-मुंबईची, १० टक्के शिवनेरीची. पोस्टग्रेस या दोन अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरून सरळ गुणाकार करतं आणि म्हणतं, दोन्ही अटी पाळणारी तिकिटं २ टक्के. माझ्या टेबलात शिवनेरी दुसरीकडे धावतच नाही, म्हणजे प्रत्यक्षात १० टक्के. अंदाज पाचपट कमी, मग त्यावर आधारलेला जॉइनही (दोन टेबलं जोडायची पद्धत) चुकीचा निवडला जाऊ शकतो. यावरचा उपाय, कॉलमांमधला असा संबंध नोंदवायला लावणारी क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही कमांड, पोस्टग्रेसच्या २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, तरी कित्येक टीमनी तो वापरलेला नसतो. हे प्रकरण लिहायला दोन सकाळी पुरल्या. डेटा जुळवायला कितीतरी जास्त.

पानावरचा प्लॅन हाताने चिकटवायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. मजकूर अ‍ॅस्कीडॉकमध्ये (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत), क्वेरी वेगळ्या फाइलींत, आणि एक कमांड दिली की रिकामा डेटाबेस बनतो, डेटा भरतो, क्वेरी चालतात, उत्तरं आपापल्या जागी जाऊन बसतात. सेटसीड वापरून सुरुवातीचा आकडा ठरवून दिला की रँडमही दर वेळी तेच आकडे देतं. मिलिसेकंद दर वेळी बदलणारच, म्हणून जिथे वेळ महत्त्वाची नाही तिथे एक्स्प्लेनचे टायमिंग आणि समरी हे पर्याय बंद. एवढं करूनही मोठ्या टेबलांचे अंदाज थोडे हलायचेच, कारण अ‍ॅनलाइझ (अंदाजासाठी टेबलाची आकडेवारी गोळा करणारी कमांड) सगळ्या ओळी न वाचता नमुना उचलतं (नेहमीच्या सेटिंगला ३०,००० ओळींचा) आणि तो दर वेळी वेगळा. तेवढं हलणं मी चालवून घेतलं आणि पुस्तकात तसं सांगितलं.

या खटाटोपाचं सार्थक मे २०२५ मध्ये झालं. हस्तलिखित पोस्टग्रेसच्या सतराव्या आवृत्तीवर जवळजवळ पूर्ण होतं आणि अठरावीचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं रूप, आला. एका सकाळी सगळं त्यावर चालवलं आणि काय काय बदललं ते पाहिलं. बदल लाल रंगात दिसतात, आणि जवळजवळ प्रत्येक पान लाल! एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ (क्वेरी खरोखर चालवून प्लॅन दाखवणारी कमांड) आता न सांगताच बफर्सच्या, म्हणजे डेटाची किती पानं वाचली त्याच्या, ओळी छापतं. प्रत्यक्ष ओळींची संख्या १ ऐवजी १.०० अशी दिसते. इथवर ठीक होतं, उत्तरं आपोआप बदलली. खरी अडचण इंडेक्सच्या, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून टेबलावर केलेल्या सूचीच्या, प्रकरणात. बसचा प्रकार आणि तारीख असा जोड इंडेक्स असेल आणि अट फक्त तारखेवर असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही, असं मी लिहिलं होतं. सतरापर्यंत ते बरोबरच होतं. अठरामध्ये स्किप स्कॅन आला. पहिल्या कॉलममध्ये मोजकीच मूल्यं असली, बसच्या प्रकारासारखी, तर पोस्टग्रेस एकेक प्रकार घेऊन त्यातली तारीख शोधतं आणि तोच इंडेक्स कामाला येतो.

संपादिका म्हणाल्या, "सर, सतरावरच छापूया ना, वेळापत्रक ठरलंय." त्यांचंही खरं होतं. पण पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दर वर्षी शरदात येते. पुस्तक दुकानात पोचून महिना व्हायच्या आत त्यातलं एक प्रकरण जुनं झालं असतं. मी तारीख पुढे मागितली, थोडी कुरकुर होऊन मिळाली. अठरावी आवृत्ती २५ सप्टेंबरला आली, ऐन नवरात्रात. अंतिम आवृत्तीवर सगळं पुन्हा चालवून, बदललेला मजकूर वाचून, दिवाळीच्या आधी फाइली पाठवल्या. फराळाच्या कामातून मला त्या वर्षी सूट होती, यावर घरात अजून मतभेद आहेत.

तांत्रिक परीक्षणाबद्दल एवढंच सांगतो: परीक्षक प्रकाशकावर सोडू नका, एक तरी आपण सुचवा, आणि तो रोज डेटाबेस चालवणारा असू द्या. मला मिळालेल्या सूचनांपैकी कामाच्या बहुतेक अशाच माणसाकडून आल्या. आमच्या प्रकाशकाने पुस्तकाच्या शेवटची शब्दसूचीही लेखकावरच टाकली होती. ती दोन शब्दांत सांगायची तर रटाळ आहे.

पैशांचं म्हणाल तर रॉयल्टीत माझा घराचा एक हप्ता धड निघत नाही. कर लागतो तो वेगळाच. प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीबद्दल विचारतायत. मी करारात एक ओळ घालायला सांगितलीय: हस्तलिखिताची अंतिम तारीख पोस्टग्रेसच्या मोठ्या आवृत्तीनंतर सहा आठवड्यांनी. त्यावर त्यांचं लीगल अजून विचार करतंय.